सिमेंटखालची बाई

घाटकोपर (पूर्व),
६ एप्रिल १९८६

चि. सहदेव यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आम्ही ठीक. आईचे गुडघे तसेच आहेत, पण जेवते बरी. माझ्या लेकीची, उत्तराची परीक्षा कालच संपली. चेंबूरहून घाटकोपर म्हणजे काही विलायत नव्हे, तरी तू पोस्टानं कळवलंस. तेव्हाच ओळखलं, की हे समोर बसून बोलण्यासारखं नसणार.

मंडळाचा अध्यक्ष झालास, त्याचं अभिनंदन करायचं राहिलं. आपल्या ग्रामस्थ मंडळाचं मला भारी कौतुक. गावात दगडी पायऱ्यांची पाखाडी कुठे बांधायची हे मुंबईत शाळेच्या हॉलमध्ये वडापाव खात ठरवायचं आणि गावातल्यांनी मान डोलवायची. यंदा तुम्ही गावची अश्लीलता काढायला घेतलीत म्हणे. बांधावरचा गाढवाचा दगड उपटून ओढ्याकाठी रोवलात आणि खालच्या बाईवर नि गाढवावर सिमेंट थापलंत. इतकी शतकं गावच्या लेकीसुना त्या दगडाजवळून पाणी घेऊन गेल्या, एकीलाही घेरी आली नाही. लाज वाटली ती एकट्या तुला. बरं, वाटेवरून दिसू नये म्हणून तोंड फिरवलंस, तर ते नेमकं तुझ्या आंब्याच्या कलमांकडे! शापाला स्वतःच्या दाराकडे तोंड करून बसवणारा शहाणा आपल्याच घरात निघायचा होता.

शापच आहे तो. उत्तरा कॉलेजात इतिहास शिकते, गेल्या मे महिन्यात तिनं दगड नीट पाहिला होता. वर चंद्रसूर्य, मध्ये अक्षरं, खाली ते बाई नि तिच्यावर चढलेल्या गाढवाचं चित्र. शिलाहार राजांच्या वेळचा, म्हणाली. राजानं कुणाला जमीन दिली, की तिच्या हद्दीवर असा दगड उभा करायचे. म्हणजे आपल्या वाडीत तेव्हाही भात पिकत होतं, बांध होते, आणि बांध सरकवणारेही होते. नाहीतर दगड कोरायचे कष्ट कोण कशाला घेईल?

दगडापाठोपाठ बांधही ओढ्यापर्यंत चालत गेला, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. मला ते जानकीकाकूकडून कळलं. काका गेल्यापासून बांधापलीकडच्या त्या एका भातखाचरावर तिचं पोट आहे, आणि तेच तुझ्या बांधाच्या आत आलं. पेरणीआधी दोन्ही घरांनी मिळून त्या दगडापाशी नारळ फोडायचा, त्यापलीकडे नांगर न्यायचा नाही, ही रीत तुझ्यासमोर पाळली गेलीय. मंडळापुढे गावात कुणी तोंड उघडेना, म्हणून ती बिचारी तलाठ्याकडे गेली. आणि तुझं म्हणणं, मी येऊन सांगावं की तो दगड हद्दीचा नव्हताच, आपल्याच शेतात पडलेला होता. "तू थोरली, तुझा शब्द मानतील." माझ्या शब्दाची किंमत तुला आजच बरी कळली!

अक्षरांत काय लिहिलंय, ते उत्तरा सांगेना. "जाऊ दे ना गं," म्हणायची. काल फारच मागे लागले तेव्हा म्हणाली, "जो ही जमीन बळकावेल, त्याच्या आईची ही गत होवो."

त्याच्या आईची, सहदेव. त्याची स्वतःची नव्हे. असल्या माणसाला स्वतःची लाज नसते, हे तेव्हाच्या राजालाही माहीत होतं. हे लिहायला हात धजत नव्हता, म्हणून इतकं पाल्हाळ लावलं. तुझी आई ती माझीही आई आहे रे. तुझी मला शिसारी येते.

आईला यातलं काही सांगणार नव्हते. पण पाकिटावरचं तुझं अक्षर तिनं ओळखलं आणि हट्टानं सगळं वाचून घेतलं. उत्तराकडून अक्षरांचा अर्थही काढून घेतला. मग म्हणाली, "सहदेवाला म्हणावं, शिमीट काढ. ते माझ्या अंगावर थापलंस तू."

पुढच्या मंगळवारी तलाठी येतोय ना? आम्ही तिघी आदल्या दिवशी एस.टी.नं निघतोय. जबानी मी देणार नाही, आई देणार आहे. ती नांदायला आली तेव्हा सासूनं तिला त्या दगडापाशी नेऊन हद्द दाखवली होती. ती जागा तिला डोळे मिटून सापडेल. गुडघे दुखले तरी तलाठी येईपर्यंत तिथेच उभी राहणार म्हणते.

तूही ये. दगड हलवलास, आता तिला हलवून दाखव.

आईची मुलगी,
सुगंधा