उकाडा माझ्या कंट्रोलमध्ये

३ जून

उद्या निघतोय. तीन आठवडे, भाड्याचं मोटरहोम. आधी वाळवंट, मग डोंगर. जो तो विचारतो, जूनमध्ये वाळवंटात कोण जातं हो? अरे, म्हणूनच तर जायचं! गर्दी नाही, गाडीचं भाडं निम्मं. लोकांना साध्या गोष्टी कळत नाहीत.

उन्हाळ्याची भीती मला तरी कुणी घालू नये. ऑफिसात एकोणीस वर्षं एसीचा रिमोट माझ्या ड्रॉवरमध्ये होता. कुणी किती गारव्यात बसायचं ते मी ठरवायचो. टेंपरेचर म्हणजे शेवटी ॲडमिनिस्ट्रेशन.

खरा मुद्दा पुढचा आहे. हा प्रवास जमला की फ्लॅट विकायचा, स्वतःचं मोटरहोम घ्यायचं आणि उरलेलं आयुष्य चाकांवर काढायचं. रिटायर होताना निरोपाच्या भाषणात मी हे जाहीर करून टाकलंय. टाळ्या भरपूर पडल्या. फक्त बायकोचा होकार बाकी आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर, त्यामुळे तिच्याशिवाय पान हलणार नाही. तिने एकच अट घातली. तीन आठवडे या विषयावर चकार शब्द काढायचा नाही, काय ते ती शेवटच्या दिवशी सांगेल. विचारलं, साधारण कल काय? म्हणाली, बघू. तिचं बघू म्हणजे निम्मं हो असतं.

काळजी वाटते ती तिचीच. तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, गळ्यात शिट्टी आणि उभा दिवस मैदानावर. आता बिचारीला चार भिंती आणि आराम हवा असणार. सांभाळून घेईन.

संकल्प: दिवसा एसी लावायचा नाही. शरीराला स्वतःचा एसी असतो. त्याला फक्त शिस्त लागते.

५ जून

वाळवंट सुरू. भव्य! स्टिअरिंगला हात लावता येईना, म्हणून ओव्हनचे हातमोजे घालून गाडी चालवली. पेट्रोल पंपावरचा माणूस फिदीफिदी हसला. अडाणी.

कॅम्पवर विजेचं कनेक्शन असलेली जागा देत होते. घेतली नाही. एक तर तिथून व्ह्यू नव्हता, आणि वीज असली की एसीचा मोह होतो. हिला म्हणालो, बघ, याला म्हणतात प्लॅनिंग. ही पंखा म्हणून माझा नकाशा वापरत होती.

६ जून

काल संध्याकाळी सावलीचा अभ्यास करून गाडी लावली होती. मोठ्या खडकाची सावली बरोब्बर टपावर. आज उजाडल्यापासून ऊन थेट माझ्या उशीवर. सावली खडकाच्या पलीकडे निघून गेली होती. कॅम्पच्या माहितीपत्रकात याचा कुठेही उल्लेख नाही.

ही पुस्तक घेऊन, खुर्चीसकट सावलीबरोबर सरकत राहिली. संध्याकाळपर्यंत गाडीला एक चक्कर पूर्ण झाली. दया आली. विचारलं, कंटाळलीस का गं? म्हणाली, पुस्तक संपत आलंय, तुमच्याकडचं एखादं द्या.

७ जून, दुपारी

खिडक्यांना बाहेरून स्वयंपाकघरातली चकचकीत फॉइल चिकटवली. आलेलं ऊन परत पाठवायचं, अशी कल्पना. अर्ध्या तासात शेजारच्या मोटरहोममधला माणूस पळत आला. आमचं परत पाठवलेलं ऊन त्याच्या घरात जात होतं. छत्रीएवढी टोपी घालतो. जन्मभर ट्रक चालवला, आता हौसेने फिरतो. नम्रपणे म्हणाला, फॉइल काढता का? म्हटलं, विचार करतो. तोवर हिने काढूनसुद्धा टाकली, आणि दारात ओली चादर टांगली. आत बरा वारा यायला लागला. ओल्या चादरीची पायरी माझ्या प्लॅनमध्ये पुढे येणारच होती.

टोपीवाला चहाला बसला. डोंगराच्या घाटात इंजिन तापलं की काय करायचं, हे हिला समजावून सांगत होता. ही प्रश्नांवर प्रश्न विचारत होती, जसं काही तिलाच चालवायचंय! मी लक्ष दिलं नाही. मॅन्युअलमध्ये सगळं असतं. मॅन्युअल भाड्याच्या ऑफिसात राहिलंय, तो भाग वेगळा.

८ जून

गार पाण्याने आंघोळ करायची ठरवली. नळाला चहा करता येईल असं पाणी आलं. गरम नळ आणि गार नळ, दोघांचं आता एकमत झालंय.

फ्रिजची तपासणी केली.

दुपारी. फ्रिजची पुन्हा तपासणी. ती डोकं आत घालूनच करावी लागते. हिने विचारलं, काय चाललंय? म्हटलं, आतला दिवा लागतो का बघतोय.

संध्याकाळी. दूध नासलं. लोणी वितळलं. हल्ली काही फ्रिज पूर्वीसारखे बनवत नाहीत.

९ जून

विजेच्या जागेवर मुक्काम हलवला. हिच्यासाठी. संकल्प कायम आहे, फक्त त्यात थोडी माणुसकी आणली. हिला म्हटलं, तू म्हणत असशील तर एसी लावतो. म्हणाली, मला नको. हट्टी आहे. लावला.

ही तडक बाहेर गेली आणि खाट टाकून चांदण्यात झोपली. रुसली असणार. पहाटे उठून वाळूत लांबवर फिरून आली. गुणगुणत होती. मनातलं दुःख माणसं अशीच लपवतात.

१० जून

शरीराला शिस्त लावायची म्हणून भर दुपारी चालायला गेलो. परत येताना चक्कर आली. चक्कर म्हणजे तशी चक्कर नव्हे. खाली बसायचा निर्णय मी जरा पटकन घेतला, इतकंच.

हिने लांबून बघितलं आणि शिट्टी फुंकली. शाळा सुटली, पण शिट्टी पर्समध्ये आहे अजून! टोपीवाला धावला, आणि त्याच्यामागून अख्खा कॅम्प. शोभा झाली. दोघांनी मला सावलीत ओढलं. मानेवर ओला टॉवेल, तोंडाला मीठ-साखरेचं पाणी. वर पाचवीच्या पोरांना दटावते त्या आवाजात म्हणाली, उद्यापासून गाडी मी चालवणार, तुम्ही गप पडून राहायचं. सगळ्यांसमोर.

पण ग्लास तोंडाला लावताना अर्धं पाणी तिने माझ्या शर्टावरच सांडलं. घाबरली होती फार. मीही घाबरलो होतो, लिहायला काय हरकत आहे. दुसरा हात मी बराच वेळ धरून ठेवला. उकाडा होता तरी सोडला नाही.

१२ जून

गाडी हीच चालवते. बरी चालवते. मी शेजारी बसून मार्गदर्शन करतो. तिने रेडिओ मोठा केला.

आज उगाच आपल्या घरच्या बाथरूमची आठवण झाली. तिथे दोन्ही हात पसरता येतात. इथे साबण पडला तर तो उचलायला आधी बाहेर यावं लागतं.

१४ जून

फ्लॅट विकण्यासारखा निर्णय घाईने घेऊ नये, असं माझं पहिल्यापासून मत आहे.

१६ जून, घाट

आज जे सोसलं ते वैऱ्यावरही येऊ नये.

चढ सुरू झाला. ऊन मी म्हणत होतं. हिचं लक्ष रस्त्यावर आहे असं बघून मी सहज एसी फुल केला. पाचव्या वळणावर काटा लाल पट्टीकडे सरकायला लागला. हिने एसी बंद केला, आणि हीटर लावला. हीटर! जूनमध्ये! मी ओरडलो, अगं वेडी झालीस का? शांतपणे म्हणाली, इंजिनाची धग आपण आत ओढून घेतली की इंजिन गार होतं. टोपीवाल्यांनी सांगितलं तेव्हा तुम्ही तिथेच बिस्किटं खात होतात.

पुढचा सगळा घाट पायांवर गरम वाऱ्याचा झोत. सगळ्या काचा खाली. घामाने मी असा निथळलो की सीट बदलावी लागली. ही मात्र रेडिओबरोबर गात वळणं घेत होती, समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांना हात करत होती. काटा खाली आला. माझा जीव मात्र कासावीस. एकोणीस वर्षांत मी कुणालाही एवढी शिक्षा दिली नव्हती. आमच्या अकाउंट्समधला तो जाडा दर मे महिन्यात केबिनमध्ये यायचा. साहेब, फक्त एक पॉइंट कमी करा. मी म्हणायचो, नियम म्हणजे नियम. त्याला एकदा फोन करायला हवा.

१७ जून, डोंगरावर

थंडी! दात वाजतायत. माझे सगळे कपडे पातळ सुती आणि अर्ध्या चड्ड्या. प्लॅन उन्हाळ्याचा होता, त्यात प्लॅनची काय चूक? उरलेली फॉइल पायांना गुंडाळून झोपलो. कूस बदलली की कुरकुर आवाज. ही हसता हसता उठून बसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग स्वतःची शाल काढून मला दिली.

१९ जून

शांतपणे विचार केला. हिला हे आयुष्य झेपणार नाही. लक्षणं स्पष्ट आहेत. पहाटे झोप उडते. तासन्‌तास डोंगराकडे बघत बसते. लेकीला फोन करायचा तर लांब झाडाखाली जाते, म्हणजे मला हुंदके ऐकू येऊ नयेत.

तिने नाही म्हटलं तर मी मोठ्या मनाने स्वीकारेन. माणसाने हटवादी असू नये.

२१ जून

नकार स्वीकारायचं भाषण तयार केलं. तुझ्या सुखापुढे माझ्या स्वप्नाची काय किंमत, अशी सुरुवात. मग थोडा पॉझ. मग घर म्हणजे शेवटी घर असतं. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. इथल्या आरशात एका वेळी एकच डोळा दिसतो, पण दुसऱ्यांदा तोही पाणावला होता.

ऑफिसवाल्यांनाही सांगता येईल, बायकोसाठी सोडून दिलं. उलट मान वाढेल.

२३ जून

उद्या शेवटचा दिवस. फार प्रसन्न वाटतंय! घरी गेल्या गेल्या बाथरूमचं दार लावून हात पसरून उभा राहणार. मग पंख्याखाली आडवा. कुणी उठवायचं नाही.

लेकीचा मेसेज आला, बाबा, उद्या आई सांगणार आहे ना, तयार आहात ना? किती काळजी पोरीला. लिहिलं, तू घाबरू नकोस, मी आईला समजून घेईन. तिने हसणारे चेहरे पाठवले. एक नाही, पाच.

२४ जून

हो म्हणाली.

सकाळी चहा हातात दिला आणि म्हणाली, विकूया. मी भाषण सुरू केलं होतं. तुझ्या सुखापुढे, इथपर्यंत पोचलोही होतो. तिला वाटलं, आनंदाने बोलतोय.

म्हणाली, तीस वर्षं उन्हात उभी राहिले ती घड्याळाकडे डोळे लावून. पहिल्यांदाच ऊन होतं आणि घड्याळ नव्हतं. वाळवंटातल्या तिसऱ्याच दिवशी तिचं ठरलं होतं म्हणे. मला ऐनवेळी सांगायचं म्हणून गप्प राहिली. झाडाखालचे फोन फ्लॅट विकणाऱ्या एजंटचं ठरवायला होते. लेकीने सगळं जमवलंय, रविवारी एक जोडपं फ्लॅट बघायला येतंय. टोपीवाल्याच्या ओळखीत एक मोटरहोम विकायला आहे. जुलै-ऑगस्ट पुन्हा वाळवंटातच काढायचा तिचा विचार आहे. तेव्हा तिथे कुणीच नसतं म्हणे.

नकारासाठी माझ्याकडे अख्खं भाषण होतं. होकारासाठी दोन ओळीही नव्हत्या.

खरं सांगणार होतो. शपथ. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात तिने माझा हात धरला. म्हणाली, माझी एकटीची कधी हिंमत झाली नसती, तुम्ही ठाम राहिलात म्हणून झालं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. घरच्या बाथरूमचा मनातल्या मनात निरोप घेतला.

म्हणालो, मी तर पहिल्यापासून हेच सांगत होतो.

तिने लगेच मान्य केलं.