चाकं नव्हती

नाना, तुमची हत्यारांची पेटी आज पुन्हा काढली. तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली, तरी झाकण उघडण्याआधी मी त्यावर बोटाचं पेर वाजवून पाहतो. खोड तुमची. पारोळ्याच्या वर्कशॉपात ऑइल इंजिनाची टाकी असो, फवारणीचा पंप असो की आईनं घासून पालथी घातलेली कळशी, ठोकून, कान लावून ऐकल्याशिवाय तुमचं पुढे काही चालत नसे. "पोकळ वस्तूना भरोसा नही," म्हणायचात. मी संस्कृत घेऊन बी.ए. झालो, त्या दिवशी माझं डोकंही वाजवून पाहिलंत.

ही खोड लढाईतली. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, खाड्यांच्या मुलखात, तुम्ही फिटर होतात. तिथलं ते टेहळणीचं हलकं विमान, सांगाड्यावर कापड ताणलेलं. उतरायला कोरडी जमीन नाही म्हणून त्याची चाकं काढून खाली दोन फ्लोट बसवलेले, म्हणजे पत्र्याच्या बंद होड्याच. रिव्हेटांतून पाणी आत झिरपायचं. रोज पहाटे तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहता, एकेक कप्पा ठोकता, हातपंपानं पाणी उपसता. एखादा कप्पा राहिला तर विमान एका अंगाला कलतं आणि काही केल्या पाणी सोडत नाही. हे सगळं तुम्ही जेवताना सांगायचात, आणि मी आईकडे बघून हसायचो.

आमच्या जळगावच्या शाळेचं वार्षिक निघालं, मी तिथे मास्तर आणि संपादकही. घरच्या वडीलधाऱ्यांचे अनुभव मागवले, तर पहिला लेख तुमचाच, वहीच्या चार पानांवर. एस.टी.नं स्वतः घेऊन आलात. "फोटो बी शे मनापान. लागी का?" मी म्हटलं, "नको नाना, फोटो छापायचा तर ब्लॉक करायला वेळ लागतो." फोटो पाहिलासुद्धा नाही. मग लाल शाईची दौत घेऊन बसलो आणि जिथे जिथे फ्लोट दिसला तिथे तिथे चाकं लिहिली. म्हाताऱ्याचा घोळ झाला असेल, विद्यार्थ्यांपुढे हसं नको. मनाच्या वेगानं उडणारी पुराणातली विमानं मी वर्गात बिनदिक्कत शिकवत होतो. त्यांना चाकं होती का, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

अंक हातात घेऊन तुम्ही चष्मा वर सरकवलात. "चाकं लावी दिनात? मंग ते पानीमा बुडी जाई ना, मास्तर."

"छापखान्याची चूक, नाना. कंपोझिटर नवा आहे."

कंपोझिटर त्या छापखान्यात वीस वर्षं अक्षरं जुळवत होता. त्यानंच तुमच्या दशक्रियेला आल्यावर सांगितलं, की अंक पाहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही छापखान्यात गेला होतात. रागवायला नव्हे. चुकीचं त्या नव्या कंपोझिटर पोराच्या मनाला लागलं असेल म्हणून समजूत घालायला, सोबत फैजपूरच्या केळ्यांची फणी घेऊन. त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला मूळ कागद काढून दाखवला. अक्षर तुमचं, लाल शाई माझी. तुम्ही केळी त्यालाच दिलीत आणि निघालात.

त्या दिवशी दुपारी तुम्ही माझ्याकडे आलात, हे मला स्वच्छ आठवतं. मी पेपर तपासत बसलोय. तुम्ही मागून येऊन माझं डोकं दोनदा वाजवता, कान लावता.

"काय हो नाना?"

"काही नही. मझार पानी शे का, ते देखस."

डोक्याच्या आत पाणी आहे का ते बघून झालं, आणि चहा मागितलात. छापखान्याचं नाव त्या दिवशी काढलं नाहीत, पुढेही नाही.

फोटो या पेटीत, हातपंपाखाली सापडला. कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला एक किडकिडीत फिटर, मागे विमान, त्याखाली दोन होड्या. चाकं कुठेही नाहीत.

आता मी मुख्याध्यापक आहे. यंदाच्या वार्षिकात तुमचा लेख जसाच्या तसा घेतोय, फोटोसह. खाली एक खुलासा हवा: मागे हा लेख छापताना फ्लोटच्या जागी चाके पडली, त्याचे कारण. काल तिथे मी 'मुद्रणदोष' लिहून मोकळा झालो होतो. आज सकाळी खोडलं, लाल शाईनंच. तिथे 'संपादक' लिहायचं आहे, एवढा एकच शब्द. अंक उद्या छापायला जाणार, आणि मी मघापासून तुम्हांला पत्र लिहीत बसलोय, नाना.