अल्बममध्ये नसलेला ठिपका

आई,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. तुझा अल्बम समोर उघडा पडलाय आणि मला तुझा भयंकर राग आलाय, म्हणून लिहितेय. तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

माझ्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा तो काळा ठिपका आठवतो ना? न आठवायला काय झालं! गेल्या महिन्यात सुहासला तो मोठा झाल्यासारखा वाटला, म्हणून ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, अंगावर तीळ असतो तसा डोळ्यावरही असतो, बहुतेक वेळा त्यानं काही होत नाही. पण या वयात वाढत असेल, तर कॅन्सर नाही ना, हे बघावं लागतं.

“लहानपणीचे फोटो आणा. तेव्हा केवढा होता, ते कळेल.”

किती सोपं काम! डोंबिवलीला परत आल्या आल्या मी तुझा अल्बम काढला.

आई, एकाही फोटोत तो ठिपका नाही.

दादाच्या मुंजीत मी खाली बघतेय. वाढदिवसाला मान वळवलेली. आणि कल्याणच्या स्टुडिओत तू हौसेनं काढून घेतलेले फोटो? त्यांत मी समोर बघतेय आणि डोळा स्वच्छ पांढरा! दर वेळी तू त्या फोटोग्राफरकाकांना सांगायचीस, “तेवढं डोळ्यातलं घालवा हं.” मी तिथंच स्टुलावर बसलेली असायचे. मला ऐकू येत नाही, असं वाटायचं का तुला?

शाळेत सिस्टर म्हणायच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघ. घरी तू म्हणायचीस, खाली बघ. कोणाचं ऐकायचं होतं मी?

काजळ घालताना तुझा अंगठा माझ्या हनुवटीखाली असायचा, ऊबदार. आणि नेमकी तेव्हाच तू सुस्कारा टाकायचीस. दोन्ही आठवतं.

सुहास बघायला आला तेव्हा तू मला तिरकं बसवलंस, उजवी बाजू पाहुण्यांकडे करून. लग्नानंतर त्याला ठिपका दिसला. “अरे वा, हे पत्रिकेत नव्हतं!” म्हणून तो हसला आणि त्यानं त्या पापणीवर ओठ टेकवले. संपलं. एवढ्यासाठी माझं सगळं लहानपण तू जमिनीकडे बघण्यात घालवलंस! अजूनही कोणी मोबाइल समोर धरला की माझी मान आपोआप वळते.

डॉक्टरबाईंनी अल्बम चाळला. “फोटो फार सुंदर आहेत,” म्हणाल्या, “पण आपल्या उपयोगाचे नाहीत.” पूर्वीही तो एवढाच होता असं दिसलं असतं, तर नुसतं लक्ष ठेवून भागलं असतं. आता तो काढून तपासायला पाठवायचा. सोमवारी.

मला भीती वाटतेय, आई. आणि भीती वाटली की अजूनही तूच हवी असतेस, याचा तर जास्तच राग येतो.

काल त्यांनी डोळ्याचा फोटो घेतला. सरळ बघा, असं त्यांना मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मग तो ठिपका पडद्यावर आला, भला मोठा, काळा नव्हेच, तपकिरी, कडेला जरा विरलेला. आरशातही मी त्याला टाळत आले होते. माझाच होता की गं!

सोमवारी तो जाईल. अखेर तुझ्या मनासारखं होईल. पण त्या फोटोची प्रत मी मागून घेतलीय. रिपोर्ट काहीही येवो, तुझ्या अल्बमच्या पहिल्या पानावरचा स्टुडिओतला फोटो मी काढणार आणि तिथं हा लावणार. तुला शब्द देते.

तुझीच, हो, अजूनही तुझीच,
नंदा