खोडलेली ओळ

तीर्थरूप आईस नमस्कार, आणि पिटुकलीच्या दोन्ही गालांना माझी पापी.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. कारखान्यातल्या मुकादमबाई दुपारी मला स्टोअरची किल्ली देतात. तिथे दोऱ्याच्या रिळांच्या खोक्यावर बसून मी पंपाने दूध काढते. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या लेकीला कडेवर घेऊन जिना चढू नकोस गं.

आता एक सांगते, रागावू नकोस. माझं दूध इथल्या दवाखान्यातल्या बाळांना जातं असं मी लिहिलं होतं, ते खोटं. मी ते बेसिनमध्ये ओतते, कुणाला कळू नये म्हणून नळ मोठा सोडून. तू शेजारीपाजारी माझं कौतुक करत फिरलीस, आणि मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

परत आल्यावर तिला अंगावर पाजता यावं म्हणून चार महिने रेटलं. हल्ली जेमतेम अर्धी वाटी येतं. काल कामाच्या गडबडीत पंप लावायचाच राहिला. संध्याकाळी आठवलं, तर चक्क सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज खोट्यापेक्षा जास्त वाटते.

बंद करू का, असं विचारणार होते. पण मागच्या पत्रात तू एक ओळ खोडली होतीस, ती मी कागद उजेडाला धरून वाचली : "आता बाटली गटागटा पिते, बाळसं धरलंय, तुझी आठवण काढत नाही."

पंप धुऊन, पुसून पिशवीत ठेवला आहे.

आई, यापुढे असं काही खोडू नकोस.

तुझीच,
धाकटी