तीन फाटकं, तीन इशारे

१ मे १९९९, शनिवार. फुजैरा
आजपासून यार्डाची सेफ्टी माझ्याकडे. या देशात रेल्वे नाही, पण आमच्या मोठ्या क्रेनचे रूळ ट्रकच्या रस्त्याला तीन ठिकाणी आडवे जातात. तिन्ही फाटकांवर एकच पाटी: थांबा. रोज तेच दिसलं की माणूस वाचत नाही. सायकॉलॉजी! म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा इशारा लावतोय. पहिल्यावर लाल दिवा लागला की थांबायचं. दुसऱ्यावर भोंगा बंद झाला की. तिसऱ्यावर निळा दिवा विझला की. लोक जागे राहतील.

४ मे, मंगळवार
शी! काय ही माणसं! दुसऱ्या फाटकावर भोंगा वाजला की ट्रक थांबतात आणि बंद झाला की रुळांवर घुसतात. नेमकं उलटं! पाटीभर नियम लिहिलाय, पण वाचतंय कोण? फोरमन यूनुस म्हणाला, "सर, तिन्हीकडे एकच ठेवा. कुणीतरी मरेल." रत्नागिरीचा माणूस, घाबरट. वाचायची सवय लावा म्हटलं.

९ मे, रविवार
क्रेनने एका ट्रकचा मागचा भाग ओरबाडून नेला. ड्रायव्हर वाचला. पाटी वाचली होतीस का विचारलं, तर रडायलाच लागला. किळस आली. मॅनेजरने इशारे एकसारखे करायला सांगितलं. इन्शाल्ला म्हटलं. करणार नाही. बुधवारी ट्रेनिंग घेतो, सगळ्यांना नियम पाठ हवेत.

१२ मे, बुधवार
ट्रेनिंगला उशीर झाला म्हणून घाईत तिसऱ्या फाटकावर आलो. निळा दिवा विझलेला. विझला म्हणजे जा की थांबा? रुळांवर गाडी उभी करून आठवत बसलो. यूनुसने धावत येऊन दार उघडलं, "उतरा, सर!" म्हणत कॉलर धरून ओढलं. मागे गाडीचा चुराडा. मॅनेजरने विचारलं, निळा विझला म्हणजे काय? पाटी वाचायला गेलो. चष्मा गाडीत होता.

१५ मे, शनिवार
आता तिन्हीकडे लाल दिवा, घंटा आणि "थांबा". तिसऱ्याचं सामान दुबईहून यायचंय. तोवर तिथे लाल झेंडा घेऊन मी. टेंपररी. घामाने शर्ट चिकटतो, तोंडात वाळू. झेंडा दिसला की ट्रक मुकाट थांबतात. मेले वाचत काहीच नाहीत. घरी जेवताना बायकोला, वीणाला म्हटलं, माझ्याकडे आता फील्डची जबाबदारी आहे. पर्णिकाने ताटातून मान वर केली. "सो बाबा, यू आर द सिग्नल नाऊ?"
वीणाला ठसका लागला. मी भात वाढून घेतला.