कुंतीला रोज पाणी

आई, तुझी कुंती माझ्या हातून मरायला टेकली आहे आणि आप्पांना अजून ते माहीत नाही. शनिवारी त्यांच्या पायाचं प्लॅस्टर निघेल. मग काठी टेकत ते आधी परसातच जातील, न्हाणीच्या मागे, तुझ्या कुंतीच्या झाडापाशी. तू गेल्यापासून एकोणीस वर्षं त्यांनीच ते जपलं. गोल छाटलेलं, बारमाही हिरवं, फुललं की गल्लीभर वास. सगळ्या न्हावरे गावात शोभेच्या झाडाचे एवढे लाड दुसऱ्या कुणी केले नसतील.

मी त्यांच्या दुखण्यासाठी दौंडहून आले तेव्हा खाटेवरूनच त्यांनी बजावलं होतं, "हप्त्यातनं एकदाच पाणी. तुझ्या आईची शिस्त हाय." मी हो म्हटलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ नळी लावली. वर उसासाठी आणलेल्या पोत्यातला युरिया मूठभर टाकला. पानं मलूल झाली. मला वाटलं, तहानलीय. आणखी पाणी दिलं. आता पानं पिवळी पडून गळतायत, आणि आप्पा उठायच्या आत मी ती झाडून उकिरड्यावर टाकते. "कशी हाय गं कुंती?" ते रोज विचारतात. "हिरवीगार," मी सांगते. पन्नाशीची बाई मी, आणि चोरासारखी पानं लपवते. आणि शनिवार जवळ येतोय.

तू कोरेगाव भीमाला कंपनीत बागकाम करायचीस. ही कुंती तिथल्याच छाटणीतली, डब्याच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली फांदी. एका सुट्टीत तू मला बरोबर नेलंस. तू कात्री चालवतेयस, आणि मी शहाणपणा करून कुंतीच्या कुंपणाला नळीनं तळं करतेय. तू धावत येऊन नळी हिसकावलीस. "ऊस हाय का ह्यो? पानी तिच्या गरजंपुरतं द्यायचं. तुझ्या हौसंसाठी न्हाई." बाकीच्या बायका हसल्या. मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. तो राग मला अजून आठवतो, नेमका उपदेश तेवढा विसरले.

काल आप्पांचा डोळा लागल्यावर मी बुंध्याशी उकरलं. चिखलाला कुजका वास, मुळं काळी. सडलेली कापली, वाळू मिसळली, पाणी निघून जायला चर काढला, वरचा भार छाटून टाकला.

इथवर लिहून थांबले होते. आज शनिवार. प्लॅस्टर निघालं आणि आप्पा परसात आलेच. गुडघाभर खुंट आणि चार पानं बघून त्यांनी काठी न्हाणीच्या भिंतीला टेकवली. मग वाकून मातीत बोट घातलं.

"रोज घालत व्हतीस?"

"व्हय."

"सांगितलं व्हतं की मी. मंग का?"

"ऊन फार होतं, आप्पा."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. "बघू. फुटली तर फुटली," एवढंच म्हणून ते खाटेकडे वळले.

ऊन कसलं, आई. नळी धरून उभी राहिले की वाटायचं, तुझ्यासाठी काहीतरी करतेय. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. शेवटच्या दुखण्यात तू मला दोनदा निरोप धाडलास. दोन्ही वेळा मी दौंडहून कळवलं, रजा मिळत नाही. मी रजा मागितलीच नव्हती.