कोपऱ्यात अंगठा असलेला फोटो

ती. भाऊजी आणि जाऊबाई यांना,

धाकट्या घरातून थोरल्या घराला नमस्कार. भाऊजी, तुमची कंबर आता कशी आहे? वाकून काही उचलू नका असं सांगण्यात अर्थ नाही, तुम्ही उचलणारच. निदान हळू उचला. जाऊबाई, नव्या चष्म्याची सवय झाली का? आणि वरच्या खोलीतली गळती थांबली की अजून बादलीच ठेवताय? आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांनी वजन कमी करायचं मनावर घेतलंय (अजून मनावरच आहे, पोटापर्यंत पोचलेलं नाही). आईंची तब्येत उत्तम. फोन न करता हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर आपल्या घरात फोनवर बोललं की आईंना आतल्या खोलीत बसून दोन्हीकडचं ऐकू येतं, आणि विषय त्यांचाच आहे. म्हणून दवाखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, एक्स-रेच्या टेबलावर कागद ठेवून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर टेबल उंच आहे असं समजा.

मूळ दुखणं तुम्हाला माहीत असेल, तरी स्पष्ट लिहिते, कारण आपल्या माणसांत स्पष्ट बोलायची पद्धतच नाही. तुम्ही नव्या घरात राहायला गेलात तेव्हा ह्यांच्या मोबाइलवर निरोप धाडलात, 'सगळे या.' ह्यांनी तो वाचून दाखवला. आई म्हणाल्या, सगळे म्हणजे कोण? त्यात माझं नाव आहे का? ह्यांनी (नको तिथे प्रामाणिकपणा!) मोबाइल पुन्हा नीट पाहिला आणि नाही म्हणून सांगितलं. झालं. तेव्हापासून आईंनी तुमच्याकडे पाऊल टाकलेलं नाही. बोलावल्याशिवाय त्या येणार नाहीत, आणि बोलवा असं त्या स्वतःहून जन्मात म्हणणार नाहीत. तुमच्या घराचे फोटो मात्र माझ्या मोबाइलवर रोज बघतात आणि खिडक्या लहान आहेत म्हणतात. त्यांना ते घर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय, भाऊजी. अगदी मनापासून बघायचंय.

आता मुख्य हकिकत. गेल्या महिन्यात आम्ही तीन गाड्या काढून चार दिवस भटकून आलो. पहिली गाडी कोपऱ्यावरच्या टायरवाल्यांची, दुसरी शेजारच्या हेडबाईंची (निवृत्त झाल्या तरी सबंध इमारत त्यांना हेडबाई म्हणते आणि त्या सबंध इमारतीला वर्ग समजतात), तिसरी आपली. लहानमोठी मिळून डझनभर माणसं. आणि रोज संध्याकाळी एकाच गोष्टीवरून वाजायचं, की पुढच्या खेपेला कुठे जायचं. टायरवाल्यांना खडबडीत रस्ते हवेत (का ते विचारू नका, त्यांचं दुकान आहे). हेडबाईंना जिथे कोणी मोठ्यानं बोलत नाही अशी जागा हवी. ह्यांना धरणं बघायची असतात. एक धरण पाहिलं की सगळी पाहून होतात असं मी एकदा म्हटलं, तर दोन दिवस अबोला. शेवटी हेडबाईंनी तोड काढली. ज्याला वाटेल त्यानं प्रवासातला आपला एकच फोटो द्यायचा, कागदावर छापून, नाव न घालता, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकून. ज्याचा पहिला नंबर येईल त्यानं पुढच्या प्रवासाची वाट ठरवायची, आणि त्यावर कुणी हूं की चूं करायचं नाही. नंबर लागल्यावर ज्याचा त्यानं हात वर करायचा (खोटा हात वर करायची छाती हेडबाईंसमोर कुणाला होणार?). आई म्हणाल्या, मीही टाकते एक, तेवढाच वेळ जाईल. ह्यांनी आपला जुना मोबाइल त्यांना नुकताच दिला होता, म्हणून सगळे कौतुकानं हसले.

परीक्षक मला नेमलं. एक तर मी दिवसभर फोटोच काढते, भले ते आतले असोत. आणि दुसरं म्हणजे प्रवासात मी काहीच पाहिलेलं नव्हतं. मला गाडी लागते हे तुम्हाला ठाऊक आहे. उलटीची गोळी घेतली की मी गाडी सुरू व्हायच्या आधी झोपते आणि मुक्काम आला की मला हलवून उठवतात. जिनं काहीच पाहिलं नाही तिच्याइतकं निःपक्षपाती कोण, असं हेडबाई म्हणाल्या. ही स्तुती होती की टोमणा, ते मला अजून उमगलेलं नाही. पण खरं सांगू? मला फार बरं वाटलं. एक्स-रे काढणाऱ्या माणसाला मत नसतं, भाऊजी. म्हणजे असतं, पण द्यायचं नसतं. पेशंट शर्टाची बटणं लावता लावता विचारतो, ताई, काही दिसलं का? मला मोडलेलं हाड लख्ख दिसत असतं, तरी मी म्हणते, डॉक्टर सांगतील. अख्खी नोकरी ह्या दोन शब्दांवर काढली. आणि आता डझनभर माणसं म्हणत होती, फोटो बघा आणि तुम्हाला काय वाटतं ते सांगा! मी मनाशी एवढंच ठरवलं, की घरातल्या कुणाला नंबर द्यायचा नाही, नाहीतर इमारतीत राहणं मुश्किल होईल.

डबा दवाखान्यात आणला आणि सगळे फोटो फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवर लावले (कागदावरचे फोटो तिथे नुसते काळपट दिसतात, हे लावल्यावर कळलं). मग एकेक खिडकीशी धरून पाहिला. पहिला निघाला धबधबा. पाणी हललेलं. माझ्या हातानं मागे आपोआप लिहिलं, 'हालचाल झाली आहे, पुन्हा काढावा.' धबधब्याला श्वास रोखून धरा असं कोण सांगणार, हे नंतर सुचलं. दुसऱ्यात टायरवाले स्वतःच कड्यावर हात पसरून उभे (नाव घालायचं नाही म्हणून माणूसच आत घातला, कपाळ माझं!). मागे म्हणे फार सुंदर दरी होती. मला एवढंच दिसलं की त्यांचा डावा खांदा खाली आहे आणि गळ्याजवळचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलंय. नंतर विचारलं तर लहानपणी झाडावरून पडले होते. बायकोलाही माहीत नव्हतं, आता ती माझ्याकडे जरा बिचकून बघते. मग एक धरण. ते कोणाचं हे ओळखायला परीक्षक लागत नाही, तिथल्या तिथे बाद केलं. एक हॉटेलच्या खिडकीतली मांजर होती. ती आईंची असणार असं धरून तीही बाजूला ठेवली (आईंना मांजरं बघवत नाहीत हे पक्कं माहीत असून, तेव्हा डोकं कुठे होतं कोण जाणे).

आणि मग तो फोटो हाती आला. गाडीच्या काचेतून काढलेला. समोर मोठा रस्ता आणि डावीकडे निघालेला एक फाटा. फाट्यावर माणूस नाही, गुरं नाहीत, झाडसुद्धा धड नाही. पाटी आहे, पण अर्धी कापलेली, वाचता येत नाही. सगळं तिरकं. आणि कोपऱ्यात अंगठा, तोही नुसती कड नव्हे, चांगला पेरापर्यंत. अशी फिल्म मी साहेबांना दिसायच्या आधी टोपलीत टाकली असती. टाकणारही होते, पण हात काही टाकेना. चार दिवसांत एवढं जग बघून एखादा माणूस हाच फोटो का देईल? गाडी सरळ चाललीय हे स्पष्ट दिसतंय, म्हणजे आपण तिकडे वळलोच नाही. डोंगर सोडले, पाणी सोडलं, स्वतःचं तोंडसुद्धा सोडलं आणि न घेतलेला रस्ता तेवढा घेतला. का? आणि तो पुढे जातो तरी कुठे? टायरवाल्यांच्या घरातल्या कुणाचा असेल असं मला वाटलं, कारण नुसत्या डांबराकडे एवढ्या प्रेमानं दुसरं कोण बघणार.

तेवढ्यात एक खांदा आला (आम्ही पेशंटना असंच म्हणतो, तोंडावर नाही म्हणत). त्या गडबडीत फाट्याचा फोटो त्याच्या पाकिटात गेला आणि त्याची फिल्म माझ्या डब्यात राहिली. घरी जाऊन डबा उघडला तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर खांदेवाला पाकीट घेऊन बाकावर हजर. मी माफी मागत सुटले. पण तो भांडायला आलाच नव्हता. म्हणाला, ताई, हा खांदा माझा नाही एवढं मला कळलं, पण हा रस्ता कुठे जातो तेवढं सांगा. घरी जेवताना तो आणि त्याची बायको त्यावरच बोलत बसले होते. बायकोचं म्हणणं, पुढे नदी असणार. ह्याचं म्हणणं, छे, कुणाचं तरी घर असणार, उगाच कुणी असं वळून बघत नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि सवयीनं म्हणाले, डॉक्टर सांगतील. त्यानं फोटो माझ्या हातात ठेवला आणि आपली फिल्म घेऊन गेला.

निकाल टायरवाल्यांच्या दुकानापुढे, रचलेल्या टायरांवर बसून लागला. ह्यांनी खिशातून नकाशा आणला होता, धरणांवर आधीच खुणा केलेला. मी उभी राहिले आणि मत दिलं, भाऊजी, मोठ्यानं, न अडखळता! म्हटलं, बाकीच्या फोटोंत काय आहे ते दिसतं, आणि दिसलं की संपतं. ह्यात काय आहे ते मला अजून दिसत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. पहिला नंबर ह्याचा. ज्याचा असेल त्यानं हात वर करा. टायरवाल्यांनी हेडबाईंकडे पाहिलं, हेडबाईंनी ह्यांच्याकडे. आणि सगळ्यांच्या मागे, ट्रकच्या टायरला टेकून बसलेल्या आईंनी हात वर केला. पूर्ण नाही, कोपरापर्यंत.

एकच गलका झाला. हेडबाई म्हणाल्या, घरातल्या घरात वाटणी! मी शपथा घ्यायला लागले, पण ऐकतंय कोण. तेव्हा टायरवाले म्हणाले, अहो, सुनेनं सासूला पहिला नंबर दिला, म्हणजे ओळखलं नसणारच. हे सगळ्यांना पटलं. इतकं चटकन पटलं की मला जरा रागच आला. दिवसभर माणसांची हाडं बघते मी, आणि रोज ज्या हातचा चहा पिते त्या हाताचा अंगठा ओळखता आला नाही!

मग ह्यांनी फोटो हातात घेतला, नीट बघितला. नकाशाची घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, हा दादाकडे जायचा फाटा आहे. मी विचारलं, आपण तिथून गेलो? हो म्हणाले, दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढच्या गाड्या जोरात होत्या. थांबा म्हटलं असतं तर थांबले असते, पण मी म्हटलं नाही. आई माझ्या शेजारी पुढे बसली होती, तीही काही बोलली नाही, नुसता मोबाइल उचलला. भाऊजी, मी मागे झोपलेली होते. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथेच, सगळ्यांदेखत, टायरावर बसून रडले. आई म्हणाल्या, एवढं काय झालं, अंगठा मध्ये आलाय ते मलाही दिसतंय.

हेडबाईंनी डोळे पुसून (हो, त्यांनीसुद्धा) नियमाप्रमाणे विचारलं, वाट कोणती? आई म्हणाल्या, मला काय कळतंय त्यातलं, तुम्हाला जायचं तिकडे चला. फक्त जाता जाता ह्या फाट्याला वळून बघू, पुढे रस्ता चांगला आहे म्हणतात. कोण म्हणतं, हे कुणी विचारलं नाही. तेव्हा लक्षात घ्या, त्या तुमच्याकडे येत नाहीयेत. प्रवासाची वाट तिकडून जाते, एवढंच. गाडी तुमच्या दारात उभी राहिली तर आम्ही आत जाऊन पाणी पिऊन यावं, त्या गाडीत बसून राहतील, असं त्यांनी आत्तापासूनच सांगून ठेवलंय. आणि त्या बसतील हो. उन्हात बसतील, पण उतरणार नाहीत.

तर अशी सगळी गंमत. तुम्हाला कळावी म्हणून लिहिली, दुसरं काही नाही. उत्तराची घाई नाही. मुलांना माझ्याकडून एकेक धपाटा आणि भरपूर माया.

तुमची,
धाकटी

ता. क. उत्तराची घाई आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही निघतोय. त्याआधी फोन करा. ह्यांच्या मोबाइलवर नाही, माझ्या नाही, आईंच्या. नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. 'आई, तू ये' एवढंच म्हणा. 'सगळे या' म्हणू नका, कृपा करा. सगळे तसेही येतायत. टायरवाले गाद्या घेऊनच निघणार आहेत. मी सांगितलं हे आईंना कळू देऊ नका.

ता. क. २. पाकीट मिळालं नाही म्हणून पत्र घरी आणावं लागलं, आणि पर्समधून किल्ली काढताना ते आईंच्या हाती लागलं. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कागदांची घडी होती तशी घातली. म्हणाल्या, त्याला फोनबिन करायला लावू नकोस. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, दुपारी मी पडलेली असते, तेव्हा तर नकोच. चारनंतर जागी असते. आता पेन मागतायत.

चि. थोरल्यास, अनेक आशीर्वाद. सूनबाईनं लिहिलंय त्यातलं निम्मं तिच्या मनचं आहे. मोबाइल हातात नवा, म्हणून बटण दाबून बघत होते, तेवढ्यात जे समोर आलं ते आलं. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. तुझ्या दाराशी पायऱ्या किती आहेत आणि धरायला कठडा आहे का, तेवढं कळव. — आई